बुलेटचं तेल नेमकं कुठून गळतं?

प्रश्न : जुन्या कास्ट आयर्न बुलेटखाली रोज तेल सांडतं. मेकॅनिक म्हणतो, सगळी पॅकिंग बदला. बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. तेल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे जातं. या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेनकेसचं तेल वेगवेगळं असतं, म्हणून आधी कुठली पातळी घटते ते बघा. थंड इंजिन रॉकेलने धुऊन, पूर्ण कोरडं करून टाल्कम पावडर मारा आणि थोडं चालवा. ओल्या पट्ट्याचं सर्वांत वरचं, पुढचं टोक म्हणजे बहुधा उगम. ‘जुनी बुलेट गळणारच’ हे मला पटत नाही. पॅकिंग जुनी असतील, मान्य. पण ब्रीदर तुंबला असेल तर क्रँककेसमधला दाब नव्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलेल. आणि चेनकेसच गळत असेल, तर त्याचं झाकण एका नटावर बसतं. रबरी सील बदला, इंजिन उघडू नका.