इन्स्टॉलेशनची रेंगाळ आणि अँटिव्हायरसचा पहारा

घरातील संगणक बहुधा साऱ्या कुटुंबाचा असतो. त्याच यंत्रावर वडील मुदत ठेवीवरील व्याजाची नोंद पाहतात, आई विजेचे बिल भरते आणि शाळेला सुट्टी लागली की मुले नवा गेम इन्स्टॉल करतात. इन्स्टॉलेशन सुरू झाले की पडद्यावरील पट्टी काही अंतर भराभर सरकते आणि मग एका आकड्यावर जी अडते, ती हलता हलत नाही. पंखा घरघरू लागतो, माउस जड होतो. मुलांच्या मित्रमंडळींत यावर एक ठरलेला तोडगा असतो : अँटिव्हायरस बंद करून टाकावा. हा तोडगा निखालस चुकीचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. अडचण अशी की तो पुष्कळदा लागू पडतो. अँटिव्हायरसमुळे इन्स्टॉलेशन मंदावते हे खरेच आहे. ते का मंदावते हे ध्यानात आले, तर पहारा न उठवताही बराच वेळ वाचवता येतो.

दुसऱ्या सहीची रीत

विंडोज संगणकात एखादा प्रोग्रॅम फाइल उघडण्याची किंवा लिहिण्याची मागणी करतो, तेव्हा ती मागणी सरळ डिस्ककडे जात नाही. वाटेत अँटिव्हायरसचा एक छोटा घटक बसलेला असतो. त्यास फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. तो मागणी क्षणभर थोपवतो, तपासणी करणाऱ्या मुख्य यंत्रणेकडे फाइल सोपवतो आणि हरकत नसल्याचा निर्वाळा मिळाल्यावर ती पुढे जाऊ देतो. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मान्य करायची, ही जी रीत आहे, तिचाच हा प्रकार होय. दुसऱ्या सहीवाचून व्हाउचर पुढे सरकत नाही, तशी अँटिव्हायरसच्या संमतीवाचून फाइल उघडत नाही.

रोजच्या वापरात ही तपासणी जाणवत नाही, कारण एकदा तपासलेल्या फाइलचा निकाल अँटिव्हायरस लक्षात ठेवतो. फाइलमध्ये काही बदल झालेला नसेल, तर तिला पुन्हा अडवण्याचे प्रयोजन नसते. मोजून पट्टी बांधलेले नोटांचे पुडके रोखपाल दर वेळी सोडून मोजत नाही, तसेच हे. इन्स्टॉलेशनच्या वेळी मात्र येणारी प्रत्येक फाइल नवी असते, तिचा पूर्वीचा निकाल कोठेही नसतो आणि अशा हजारो फाइली एका दमात दारावर येतात. सणाच्या आदल्या दिवशी खिडकीवर दहा-दहा रुपयांच्या सुट्या नोटांची पोती यावीत, तशी अँटिव्हायरसची अवस्था होते.

त्यातच एक ऐवज अनेकदा तपासावा लागतो. डाउनलोड झालेली इन्स्टॉलरची फाइल ही दाबून बांधलेली गाठोडीच असते. अँटिव्हायरस प्रथम त्या गाठोडीची पाहणी करतो. काही अँटिव्हायरस ती आतल्या आत सोडवूनही पाहतात. मग इन्स्टॉलर तिच्यातील फाइली तात्पुरत्या फोल्डरमध्ये ओततो, तेथे दुसरी तपासणी होते. त्या अंतिम ठिकाणी लिहिल्या गेल्या की तिसरी. एकट्या मोठ्या चित्रफितीपेक्षा तेवढ्याच आकाराच्या वीस हजार लहान फाइलींना अधिक वेळ लागतो तो यामुळेच. वेळ जातो तो आकारमानापेक्षा फाइलींच्या संख्येत.

येथे थोडा हिशेब मांडण्यासारखा आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते. हवी ती जागा डोक्याखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. डोके योग्य रेषेवर नेण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या जागांवरील वाचने सेकंदाला ८० च्या आसपास होतात. तीस हजार फाइली केवळ तपासणीसाठी डिस्कवरून पुन्हा वाचाव्या लागल्या, तर त्यातच सहा मिनिटांहून अधिक वेळ जाईल. प्रत्यक्षात नुकतीच लिहिलेली फाइल बहुधा मेमरीत असते आणि इतका वेळ जात नाही. परंतु मेमरी तोकडी असलेल्या जुन्या संगणकात हे सुख मिळत नाही. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारी चकतीच नसल्याने ही प्रतीक्षा जवळजवळ संपते. नवा गेम घेण्यापूर्वी जुन्या संगणकात असा ड्राइव्ह बसवून घेणे हा अँटिव्हायरस बंद करण्याहून कितीतरी शहाणपणाचा खर्च आहे.

पट्टी एकाच आकड्यावर अडून बसण्याचे कारण निराळेही असू शकते. ज्ञात विषाणूंच्या खुणांशी फाइल ताडून पाहणे हे जलद काम आहे. पण अनोळखी फाइल समोर आली की काही अँटिव्हायरस ती एका बंदिस्त आभासी जागेत चालवून तिचे वर्तन पाहतात, तर काही तिची माहिती इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवून कौल मागतात. विंडोजमधील डिफेंडर अशा संशयित फाइलला मूळ रचनेनुसार १० सेकंदांपर्यंत रोखून धरू शकतो. कार्यालयीन संगणकांत ही मर्यादा ६० सेकंदांपर्यंत वाढवता येते. नामांकित कंपनीच्या प्रोग्रॅमवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि ती जुळली की वाट मोकळी होते. खात्यावरील नमुना सहीप्रमाणेच. एखाद्या हौशी निर्मात्याने तयार केलेल्या लहानशा गेमवर अशी स्वाक्षरी पुष्कळदा नसते. तो निर्दोष असूनही रांगेत अडतो, हे त्याचे दुर्दैव.

पूर्वी हा प्रश्न इतका बोचत नसे. पुण्यात कैलाश आणि संजय काटकर या बंधूंनी १९९५ मध्ये ज्या व्यवसायाची पायाभरणी केली आणि जो २००७ पासून क्विक हील टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखला जातो, त्याचा आरंभ दुरुस्तीस आलेल्या संगणकांतील विषाणू काढून टाकणाऱ्या साधनातून झाला. त्या काळचा अँटिव्हायरस बऱ्याच अंशी हाक मारल्यावर येणाऱ्या वैद्यासारखा होता : आला, तपासले, औषध दिले, गेला. आजचा अँटिव्हायरस अष्टौप्रहर दारात उभा असतो. उभ्या पहाऱ्याचे मोल वेळेच्या रूपाने चुकवावे लागते आणि ते उत्पादनागणिक कमी-अधिक असते. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि जर्मनीतील एव्ही-टेस्ट या स्वतंत्र चाचणी संस्था अँटिव्हायरसमुळे संगणक किती मंदावतो हेही मोजतात आणि त्यांच्या मापनात प्रोग्रॅम इन्स्टॉल होण्यास लागणारा वेळ हा स्वतंत्र घटक असतो. अँटिव्हायरस विकत घेताना डब्यावरील जाहिरातीपेक्षा हे निकाल पाहणे हितावह.

खुद्द मायक्रोसॉफ्टनेही ही अडचण मान्य केलेली आहे. २०२३ मध्ये विंडोज ११ साठी कंपनीने डेव्ह ड्राइव्ह नावाची सोय दिली. त्या विभागात डिफेंडर फाइल आधी उघडू देतो आणि तपासणी मागाहून करतो. ही सवलत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी, त्यांच्या विश्वासातील फाइलींपुरती आहे. घरगुती गेमसाठी तिचा वापर करू नये.

पहारेकरीही चुकतो

पहाऱ्याची बाजू घेताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या कंपनीच्या अँटिव्हायरसने एका सदोष अद्ययावतीकरणामुळे विंडोज एक्सपीमधील एसव्हीसीहोस्ट या अत्यावश्यक फाइललाच विषाणू ठरवले आणि जगभरातील असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद-चालू होत राहिले. गेमच्या बाबतीत अशा चुका लहान प्रमाणावर होतच असतात. नक्कल रोखण्यासाठी गेमच्या मुख्य फाइलवर जे आवरण चढवलेले असते, ते विषाणूच्या आवरणासारखे भासते. अँटिव्हायरस फाइल अडकवून ठेवतो आणि इन्स्टॉलेशन अर्धवट थांबते. अशा वेळी अँटिव्हायरसमधील विलग कक्षाची, म्हणजे क्वारंटाइनची यादी पाहावी. फाइल अधिकृत ठिकाणाहूनच आली आहे अशी खात्री असेल, तर तेवढी एक फाइल परत आणता येते. कारण समजल्यावाचून सगळा पहारा उठवणे मात्र अवाजवी ठरते.

विनामूल्य गेमचे मोल

हे अवाजवी का, याचे उत्तर २०२१ मध्ये स्पष्टपणे पुढे आले. अव्हास्ट या कंपनीच्या संशोधकांनी त्या वर्षी जून महिन्यात क्रॅकोनॉश या विषाणूचा तपशील प्रसिद्ध केला. झेक लोककथांतील क्राकोनोश या पर्वतदेवतेवरून हे नाव ठेवलेले आहे. तो पसरत होता कुलूप तोडलेल्या, फुकट वाटल्या जाणाऱ्या लोकप्रिय गेमच्या इन्स्टॉलरमधून. गेमबरोबर तो संगणकात शिरे, संगणक सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करवी आणि अँटिव्हायरस जेथे जागा नसतो अशा त्या अवस्थेत डिफेंडर व अन्य अँटिव्हायरस काढून टाकी. त्यानंतर पडद्याच्या कोपऱ्यात सुरक्षेची हिरवी खूण मात्र तो स्वतः उमटवून ठेवी. अव्हास्टच्या गणनेनुसार २ लाख २२ हजारांहून अधिक संगणक बाधित झाले होते आणि त्यांत भारतातीलही होते. त्या संगणकांची शक्ती वापरून मोनेरो हे आभासी चलन निर्माण केले जाई; २० लाख डॉलरांहून अधिक रकमेचे. इन्स्टॉलेशनची काही मिनिटे वाचवू पाहणाऱ्यांचा संगणक त्यामुळे कायमचाच मंद झाला.

क्रॅकोनॉशने संगणकाची शक्ती पळवली. रेडलाइनची नजर खात्यांवर होती. २०२० पासून आढळलेला हा विषाणू ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कार्डांचे तपशील गोळा करून पाठवतो. गेममध्ये फसवून जिंकण्याची साधने आणि कुलूप तोडलेले गेम ही त्याच्या प्रसाराची नेहमीची वाट होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी अन्य देशांच्या साह्याने त्याची यंत्रणा उद्ध्वस्त केली, पण त्याच जातीचे इतर विषाणू शिल्लक आहेत. इंटरनेट बँकिंगला ओटीपीचे दुसरे कुलूप आहे, हे खरे. तथापि पहिल्या कुलपाची किल्ली परक्याच्या हाती गेल्यावर दुसऱ्यासाठी बनावट दूरध्वनी येण्यास विलंब लागत नाही. खात्याचा तपशील ठाऊक असलेल्या माणसावर ग्राहकाचा विश्वासही पटकन बसतो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने या संदर्भात एक भेद केला होता. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, तर बँकेस कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. मुलाने गेमसाठी अँटिव्हायरस बंद केला आणि त्याच आठवड्यात खात्यातून रक्कम गेली, तर निष्काळजीपणा कोणाचा हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर देणे पालकांना सोपे जात नाही. शंका येताच खाते असलेल्या बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवणे, हेच त्या वेळी हाती उरते.

वेळ वाचवावा तो असा

इन्स्टॉलेशनपूर्वी विंडोज व अँटिव्हायरस यांचे अद्ययावतीकरण पूर्ण होऊ द्यावे आणि संगणक एकदा बंद करून सुरू करावा. पुष्कळदा रेंगाळण्याचे खरे कारण मागे चालू असलेली साप्ताहिक तपासणी किंवा अपडेट हेच असते. टास्क मॅनेजर उघडून डिस्क कोण व्यापून बसले आहे हे पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. एका संगणकात दोन अँटिव्हायरस ठेवू नयेत. दोघे एकमेकांच्या फाइली तपासत बसतात. घरगुती विंडोजमध्ये दुसरा नोंदणीकृत अँटिव्हायरस बसवल्यास डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, परंतु विकत घेतलेल्या दोन अँटिव्हायरसांत असा समजूतदारपणा नसतो. मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस काढून टाकण्याचा कंटाळा बहुतेक घरांत दिसतो.

अधिकृत दुकानातून घेतलेले गेम नेहमी एकाच फोल्डरमध्ये येत असतील, तर तेवढा फोल्डर तपासणीतून वगळता येतो. ही सवलत हात राखून द्यावी. डाउनलोडचा फोल्डर, तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह वगळणे म्हणजे मुख्य दरवाजा उघडा टाकण्यासारखे आहे, कारण बाहेरचा माल प्रथम तेथेच उतरतो. अँटिव्हायरसमधील गेम मोडविषयीही गैरसमज आहे. तो सूचना थांबवतो आणि नियोजित तपासणी पुढे ढकलतो. दारावरची तपासणी साधारणतः चालूच राहते. गेम इन्स्टॉल झाला पण खेळाची प्रगती जतन होत नाही, अशी तक्रार असेल, तर २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आलेली कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस ही सोय कोणी सुरू केली आहे का ते पाहावे. ती डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही. त्या गेमला नावानिशी परवानगी दिली की काम भागते.

सर्वांत उपयुक्त उपाय अँटिव्हायरसच्या बाहेरचा आहे. मुलांसाठी विंडोजमध्ये मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडावे. मग विंडोजमध्ये खोलवर बदल करू पाहणारा इन्स्टॉलर पालकांचा पासवर्ड मागतो आणि अँटिव्हायरस बंद करण्याची परवानगीही त्यांच्याच हाती राहते. शाखांतील संगणकांवर कर्मचाऱ्यांना स्वतः प्रोग्रॅम इन्स्टॉल करता येत नाहीत, यामागेही हाच विचार आहे. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी घरच्या संगणकावर तोच नियम लावून पाहावा.

आणि ज्यांनी यापूर्वीच कधी अँटिव्हायरस बंद करून गेम घातला असेल, त्यांनी कोपऱ्यातील हिरव्या खुणेवर विसंबू नये. ऐकर या युरोपीय संस्थेने चाचणीसाठी अवघ्या ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल तयार केलेली आहे आणि ती विषाणू म्हणून ओळखायची, असा अँटिव्हायरस कंपन्यांचा परस्पर संकेत आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेताच अँटिव्हायरसने ती अडवली, तर पहारेकरी जागा आहे. फाइल मुकाट्याने डिस्कवर जाऊन बसली, तर त्या संगणकावरून बँकेचा व्यवहार करणे थांबवावे, पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावेत आणि संगणक जाणकाराकडून तपासून घ्यावा.