गोएचा ला आणि हवेचा दाब

सह्याद्रीत आपण ट्रेकचा हिशोब तासांत करतो. राजगड ते तोरणा किती तास, की झालं! सिक्कीममधल्या गोएचा लाच्या वाटेवर मात्र खरा प्रश्न असतो तो आज रात्री किती उंचीवर झोपायचं हा.

खांगचेंदझोंगा राष्ट्रीय उद्यानातली ही वाट युकसम गावातून (सुमारे १७८० मी.) निघते. सिक्कीमच्या पहिल्या चोग्यालचा राज्याभिषेक १६४२ साली इथेच झाला. पहिले दोन दिवस घनदाट जंगल, प्रेक चू नदीवरचे झुलते पूल आणि सामान वाहणारे झो (याक आणि गाय यांचा संकर, वाट अडवण्यात पटाईत). साचेन, बाखिम करत त्शोका (३०५० मी.) गाठलं की पुढे ऱ्होडोडेंड्रॉनचं, म्हणजे तिथल्या भाषेत गुरांसचं, रान लागतं.

आता जरा थिअरी. हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच. कमी होतो तो दाब. झोंग्रीला (४०२० मी.) तो समुद्रसपाटीच्या साधारण ६१ टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. पाणी तिथे ८७ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. थर्मोच्या वायवाला हे उदाहरण द्या, एक्झामिनर खूश!

कुकर आहे म्हणून डाळ तरी शिजते. शरीराला वेळच द्यावा लागतो. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. त्शोका ते झोंग्री एका दिवसात जवळपास हजार मीटर! म्हणून झोंग्रीला दोन रात्री काढतात. मधल्या दिवशी झोंग्री टॉपवर चढायचं, कांचनजंगा (८५८६ मी.) बघायचं आणि खाली येऊन झोपायचं.

त्या मुक्कामात आमच्यातल्या एकाचं डोकं दुखायला लागलं. रात्री उलटी झाली. "अरे, थकवा आहे फक्त, सकाळी चालतो," असं तो म्हणत होता. गाईड दाजूंनी त्याला ओळीत दहा पावलं टाकायला लावली. तोल ठीक होता. तरी सकाळी डोकं उतरलं नव्हतं, तेव्हा एका सहायकाबरोबर त्याला त्शोकाला पाठवलं. तो चिडला, आमच्यातही वाद झाला. तीन वर्षं पैसे साठवले होते त्याने. दाजू एवढंच म्हणाले, "डोंगर इथेच आहे." त्याच संध्याकाळी तो त्शोकाला पोटभर जेवला.

आम्ही थानसिंग, लामुने करत पहाटे निघालो. समिती सरोवर (४३०० मी.) अंधारातच मागे पडलं. बहुतेक गट पहिल्या व्ह्यू पॉइंटपर्यंतच (सुमारे ४६०० मी.) जातात, आम्हीही तिथूनच परतलो. येताना सरोवर दिसलं. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधामागे साठलेलं, हिरवट निळं. स्थानिक लोक ते पवित्र मानतात, त्यामुळे काठावर तंबू लावायला बंदी आहे.

गुरांसची फुलं हवी असतील तर एप्रिल-मे, स्वच्छ शिखरं हवी असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. तो मित्र म्हणतोय ऑक्टोबर, आणि या वेळी एक दिवस त्शोकालाही जास्तीचा.