अंगावरून ‘वारं’ जात नसतं

परवा एका काकूंना त्यांचा मुलगा घेऊन आला. आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता चहा पिताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळला, बशी हातातून सुटली. घरचे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. मग तेलाने चोळून झालं, कांदा हुंगवून झाला. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून बोटांना सुया टोचल्या. शेजाऱ्यांनी स्वतःची बीपीची गोळी दिली. “झोपून उठली की बरं वाटेल असं वाटलं, डॉक्टर.”

वारंबिरं काही जात नाही. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, बहुतेकदा तुंबते. बिघाड डोक्यात, आणि आपण चोळतोय हात!

मुलगा शेतकरी. त्याला म्हटलं, पाटाचं पाणी तुटलं की पीक आधी मान टाकतं, मग करपतं. 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त मिळतं. ते 10च्या खाली गेलं की पेशी मिनिटांत करपतात. पण भोवतीच्या पट्ट्यात शेजारच्या बारीक वाहिन्यांतून 10 ते 20 झिरपत असतं. तिथल्या पेशींचं काम बंद, जीव मात्र शाबूत. आमची सगळी धडपड या पट्ट्यासाठी. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी जातात. आता त्या गोळीचं बघा: झिरपणारं रक्त पुढे रेटायला बीपीचा जोर लागतो, आणि नेमका तोच आपण परस्पर काढून घेतो. ॲस्पिरिनही घरी देऊ नका. वाहिनी तुंबली की फुटली, हे सीटी स्कॅनशिवाय मलाही कळत नाही.

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं किंवा तोल जाणं, यातलं एक दिसलं तरी पुरे. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं? तरीही या. तो इशारा असतो.

घाबरू नका. वेळेत आलेले कितीतरी जण स्वतःच्या पायांनी घरी जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांपर्यंत देता येतं. काहींची गुठळी 24 तासांपर्यंत तार घालून काढता येते. काकू पंचवीस तासांनी आल्या. आता फिजिओथेरपी सुरू आहे, बोटं थोडी हलू लागलीत. बशी अजून धरता येत नाही.

108ला फोन करा, सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, तेवढं लिहून आणा. माझा पहिला प्रश्न तोच असेल.