निबंधातील ‘मी’ आणि प्रयोगविचार

हिंजवडीच्या उद्योगक्षेत्रालगतच्या वाकडमध्ये अनेक प्रांतांतील कुटुंबे राहतात. सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य करणाऱ्या २०२० च्या कायद्याची अंमलबजावणी पहिली व सहावी या इयत्तांपासून सुरू झाली. त्यामुळे सहावीत प्रथमच मराठी निबंध लिहिणारा हिंदीभाषक विद्यार्थी येथे संभवतो.

असा विद्यार्थी ‘मीने भाकरी खाल्ली’ असे लिहितो, तेव्हा ‘ने’वर लाल रेघ ओढणे सोपे असते. परंतु ‘खाल्ली’ हे रूप त्याने कर्मानुसार अचूक योजिले आहे. कर्मणी प्रयोगाचे मर्म त्याला हिंदीमुळे आधीच अवगत आहे. चुकले ते केवळ कर्त्याचे रूप. जुन्या मराठीत ‘मियां’ हे तृतीयेचे वेगळे रूप होते; आजचा ‘मी’ प्रथमा व तृतीया अशी दुहेरी कामगिरी करतो. (‘मियां’ वगळून एवढे सहावीतही सांगता येते.)

खरी अडचण पुढे आहे. ‘सकर्मक भूतकाळी कर्मणी’ हे सूत्र पाठ केलेला मुलगा ‘मी छत्री विसरली’ असे लिहील, आणि सूत्राप्रमाणे त्याचे चुकलेले नसेल! विसरणे, शिकणे, बोलणे हे धातू सकर्मक असूनही कर्तरीच राहतात. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचार विस्ताराने येतो, वर्गात तो तीन व्याख्यांत आटोपतो.

त्यापेक्षा विद्यार्थ्याचाच निबंध बहिणीच्या नावे पुन्हा लिहवून घ्यावा. ‘तिने भाकरी खाल्ली’, पण ‘ती छत्री विसरली’: ‘मी’मध्ये लपलेला भेद येथे कानालाच कळतो.