खुर्चीचा हात वळणावर का मोडत नाही?

हाताची लाकडी खुर्ची मोडते तेव्हा ती कोठे मोडते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? पुष्कळदा तिचा वळणदार हात मोडतो, आणि तोही नेमका वळणावर. असे का व्हावे? डेन्मार्कमधील एका प्रसिद्ध खुर्चीच्या साहाय्याने आपण हे समजून घेऊ.

प्रथम लाकडाची रचना पाहू. लाकूड म्हणजे लांबट, नळीसारख्या पेशींची एकमेकींना चिकटलेली जुडीच होय. या तंतूंच्या दिशेने ओढले तर लाकूड फार मोठा ताण सहन करते. तंतू एकमेकांपासून अलग करणे मात्र सोपे असते. म्हणून तर कुऱ्हाडीच्या एका घावात ओंडका उभा चिरतो, पण आडवा तोडताना घाम निघतो.

आता समजा, एका रुंद फळीतून अर्धवर्तुळाकार तुकडा कापला. फळीतील तंतू सरळ आहेत, तुकडा मात्र वळत गेला आहे. त्यामुळे काही भागात तंतू तुकड्याच्या लांबीला समांतर, तर काही भागात आडवे येतात. आपण मागे रेलतो तेव्हा हे अर्धवर्तुळ फाकू पाहते आणि आडव्या तंतूंच्या जागी तडा जातो.

हान्स वेग्नर (१९१४–२००७) यांच्यापुढे हाच प्रश्न होता. चांभाराचा हा मुलगा लहानपणीच सुतारकाम शिकला होता. १९४९ साली त्यांनी एक खुर्ची तयार केली. तिची पाठ आणि दोन्ही हात मिळून एकच सलग कमान दिसते. प्रत्यक्षात ती तीन तुकड्यांची आहे. मधल्या तुकड्यातील तंतू डावीकडून उजवीकडे, तर हातांतील तंतू मागून पुढे जातात. म्हणजे दिशा बदलते ती तुकड्यात नव्हे, सांध्यात!

मग सांधाच निखळला तर? तुकड्यांची टोके सपाट कापून चिकटवली तर सांधा कच्चा राहतो, कारण तंतूंच्या उघड्या टोकांवर सरस नीट धरत नाही. म्हणून दोन्ही टोकांना करवतीसारखे दाते पाडून ते एकमेकांत बसवतात. आपण दोन हातांची बोटे गुंफतो तसे. समजा, छेद ५ सेंमी × ३ सेंमी आहे. सपाट सांध्यात चिकटणारे क्षेत्रफळ १५ चौ. सेंमी. पाच दाते पाडले आणि प्रत्येकाची तिरपी बाजू २ सेंमी धरली, तर दहा बाजू मिळून १० × २ × ३ = ६० चौ. सेंमी. क्षेत्रफळ चौपट झाले! शिवाय या बाजू तंतूंना जवळजवळ समांतर असल्याने सरसही घट्ट धरतो. पहिल्या खुर्च्यांत हे सांधे वेताच्या गुंडाळीखाली झाकलेले होते. पुढे ते उघडे ठेवण्यात आले. जे झाकायचे, तेच भूषण ठरले.

पायांचीही गंमत पाहा. ते दोन्ही टोकांना निमुळते आणि बैठकीच्या चौकटीपाशी जाड आहेत. बळ जेथे हवे, तेथेच लाकूड ठेवले आहे.

अशा अनेक डॅनिश खुर्च्या सागाच्या होत. साग डेन्मार्कमध्ये उगवत नाही. तो भारत, ब्रह्मदेश, थायलंड या उष्ण देशांतला वृक्ष. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील सागही याच जातीचा. हवेतील ओलावा कमीजास्त झाला तरी साग फारसा फुगत वा आक्रसत नाही, म्हणून सांधे सैल पडत नाहीत. त्यातील सिलिकाने मात्र हत्यारांची धार लवकर बोथट होते.

१९६० साली केनेडी व निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील पहिल्या वादसभेत हीच खुर्ची वापरली होती. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. सांध्यांकडे किती जणांचे लक्ष गेले असेल?

करून पाहा : सुताराकडून सारख्या जाडी-रुंदीच्या दोन पातळ पट्ट्या आणा. एकीत तंतू लांबीच्या दिशेने, दुसरीत आडवे असावेत. दोन्ही पट्ट्यांची टोके विटांवर टेकवा आणि मध्यभागी एकेक वजन टांगत जा. कोणती आधी मोडते आणि किती वजनाला, याची नोंद करा. मग वर्गातल्या मोडक्या बाकाकडे पुन्हा एकदा पाहा. तडा तंतूंच्या दिशेने गेला आहे काय?