गुडघा दुखतोय? आधी सीट तपासा

प्रश्न : मी रोज सायकलने वर्ध्याहून सेवाग्रामला जातो. गुडघा पुढून दुखतो, करंगळीला मुंग्या येतात. मऊ गादी बसवू का?

उत्तर : गादी राहू द्या, आधी सीटची उंची बघा. अर्ध्या तासात मिनिटाला 60 फेऱ्या धरल्या तरी एकेक गुडघा 1800 वेळा वाकतो. सीट खाली असली की तो दर वेळी जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो, म्हणून दुखणं पुढून. सीट फार वर असती तर गुडघ्यामागे ओढ लागली असती. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवून ते तळाशी न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक उरतो. पण थांबल्यावर पाय जमिनीला टेकणार नाहीत, असं म्हणाल. सीटवर बसून टेकवायचेच नसतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. आपल्याकडे बापाची सायकल मुलाकडे येते आणि सीट होती तिथेच गंजते, हा खरा रोग.

मुंग्या हँडलवरच्या भारामुळे येतात. सीट पुढे झुकली की अंग घसरतं आणि तळहातातली करंगळीकडची नस दाबली जाते. सीट सपाट करा, हँडल तिच्या उंचीला आणा. मऊ गादीत बूड उलट रुततं. सीट एका वेळी 5 मिलिमीटरच चढवा, मध्ये चार दिवस जाऊ द्या. दांड्यावरची मर्यादेची खूण फ्रेमबाहेर दिसता कामा नये. गुडघ्याला सूज असेल, तर मात्र पाना ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.