सतरा नंबरचा फॉर्म

माझगाव

चि. बेबीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

काल डॉकयार्ड रोड स्टेशनच्या जिन्यावर एका बाईने मला थांबवलं. पिशवीतून मुलाचा नववीचा दाखला काढला. शाळा सोडण्याचं कारण : पालकांच्या विनंतीवरून. खाली मुख्याध्यापिका म्हणून तुझी सही. म्हणाली, "मी कसली विनंती करणार, सर? मॅडमच म्हणाल्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावीला बाहेरून बसवा."

बेबी, खरं आहे का हे?

संस्था शंभर टक्के निकालासाठी कशी मागे लागते, मी जाणतो. पण तो टक्का किती कच्चा असतो बघ. २०१९ साली शाळेच्या हातातले अंतर्गत वीस गुण काढले आणि राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१वरून ७७.१०वर आला. पुढच्या वर्षी गुण परत आले, निकाल ९५.३०. अशा आकड्यापायी पोर घालवायचं?

तुझ्या सभेत शिक्षक तोंड उघडत नाहीत, हेही कानावर आलंय. त्यांचे गोपनीय अहवाल तू लिहिणार. मग नववीतल्या कुणाला अजून धड वाचता येत नाही, हे तुला सांगेल कोण? धाक बसला की शाळेत आधी खरं बोलणं थांबतं. निकाल मागाहून घसरतो. आणि तो घसरू नये म्हणून पुन्हा दाखलेच काढावे लागतात.

मी शाळेत होतो तेव्हा मीही हेच केलंय. घरात फक्त मामीला ठाऊक आहे. गोदीतल्या वेल्डरचा मुलगा, भूमितीत कच्चा. नववीतच दाखला दिला. पुढल्या वर्षी निकाल शंभर टक्के. मी पेढे वाटले. तो आज भाऊच्या धक्क्यावर बर्फाची गाडी ओढतो. मी मासळीला गेलो की गाडी बाजूला घेतो. "सर, सांभाळून, ओलं आहे." त्याने शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

फार बोललो. पण अंजीरवाडीच्या खोलीत, नववीला गणितात नापास होऊन पलंगाखाली लपलेली तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. तेव्हा तुझ्या मोठ्या बाईंनी तुला ठेवून घेतलं होतं ना?

त्या मुलाला परत घे, बाळा. भूमिती मी घेईन त्याची, संध्याकाळी मोकळाच असतो.

रविवारी ये. मामी बोंबील तळणार आहे. फोनवर तुझा आवाज फार दमलेला वाटला. वेळेवर जेवतेस ना?

तुझा,
मामा